भिऱ्याचं पाणी

ताम्हिणी घाटाखाली, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याजवळ असलेल्या देवकुंड धबधब्याला जुलै-ऑगस्टात जाऊ नये. तेव्हा प्रशासनाची बंदी असतेच, पण ती नसती तरी मी कुणाला जा म्हणाले नसते. ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै 2024 मध्ये तर चोवीस तासांत 556 मिलिमीटर पडला होता. पुणे शहराच्या वर्षभराच्या सरासरीचा तीन-चतुर्थांश पाऊस, एका दिवसात! हे पाणी कोकणात उतरायला जिथे घळ सापडेल तिथून उतरतं, आणि देवकुंड ही त्यातलीच एक घळ. वर प्लस व्हॅली नावाच्या दरीत जोराची सर आली की खाली कुंडाशी ऊन असतानाही पाणी चढतं. पाहिल्याशिवाय हे कुणाला पटत नाही. दर पावसाळ्यात पेपरात बातमी येते ती त्यामुळेच.

जायचं तर कोजागिरीच्या आगेमागे जावं. ओढे अजून भरलेले असतात, वाटेवरचा चिखल वाळलेला असतो, आणि गवताची टोकं नुकती पिवळी पडायला लागलेली असतात. भाचा आणि त्याचे हिंजवडीच्या ऑफिसातले दोन मित्र निघाले होते, गाडीत एक जागा रिकामी होती, आणि भाच्याला मावशीनं डबा आणला तर हवाच होता. अशी मी गेले.

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर देवकुंडापुढे ‘मध्यम’ असा शेरा असतो. एका बाजूनं साधारण सहा किलोमीटर चाल, त्यातली सुरुवातीची बरीचशी सपाट, मग जंगल, मधे ओढे, आणि शेवटी धोंड्यांतून चढ. रमतगमत गेलं तर अडीच तास. पन्नाशी ओलांडलेल्या, रोज सकाळी गुडघ्यांची चौकशी करून उठणाऱ्या बाईला हे जमतं. आम्ही पहिल्या चढावर दम खात होतो तेव्हा पाण्याच्या बाटल्यांचा खोका डोक्यावर घेतलेली एक बाई स्लीपरवर आम्हाला ओलांडून वर गेली. मोबाइलवर कुणाशी तरी बोलत. तिच्या टपरीवर पुढे आम्ही लिंबू सरबत प्यायलो. तोवर तिची दुसरी खेप झाली होती.

पुण्याहून पौड ओलांडलं की थोड्या वेळानं मुळशी धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि बराच वेळ सोबत करतं. सकाळी त्यावर धुकं असतं. गाडीतली पोरं फोटोसाठी थांबली, मीही थांबले. पुणेकराला मुळशी म्हटलं की रिसॉर्ट, भुट्टा आणि शनिवारचा ट्रॅफिक जॅम आठवतो. घाट उतरून विळे गावापाशी आलं की हवा बदलते, जड होते. तिथून आत भिऱ्याकडे वळायचं. हे भिरा मार्च 2017 मध्ये एकदा बातम्यांत झळकलं होतं, 46.5 अंश तापमानाची नोंद झाली म्हणून. एरवी सह्याद्रीच्या कुशीतलं हिरवं गाव, आणि मार्चमध्ये नागपूरलाही मागे टाकतं. डोंगरांनी इतकं घेरलं आहे की वारा कुठून यावा हाच प्रश्न.

गावात शिरताना डोंगराच्या अंगावरून उतरणारे जाड पाइप दिसतात. खाली टाटांचं वीजघर. गाडी लावायला जागा शोधणारी माणसं तिकडे बघत नाहीत. सगळ्यांचं लक्ष ‘पार्किंग, जेवण, वॉशरूम’ अशा पाट्यांकडे. आम्हीही एका अंगणात गाडी लावली, किती भाकऱ्या आणि चिकन की पिठलं हे सांगून ठेवलं, वहीत नावं लिहिली आणि एक वाटाड्या घेतला. वाटाड्या घेतल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. ते बरंच आहे, कसं ते पुढे कळेल. पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा. आयटीआय वायरमनचा कोर्स केलेला, शनिवार-रविवारी हे काम करणारा. भाचा मला मावशी म्हणतो हे ऐकून त्यानंही तेच धरलं.

पहिला टप्पा भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेनं जातो. सावली कमी, वाट रुंद. एका अंगाला पाणी, समोर कड्यांची रांग. काठाशी हातभर रुंदीची ओल्या मातीची पट्टी होती, जणू पाणी नुकतंच खाली सरकलेलं. भरती-ओहोटीचा भास व्हावा अशी. मी विचारलं तर पोरगा म्हणाला, ‘‘हे पानी वर-खाली होतं मावशी. वरनं मुळशीचं खाली येतं, त्याच्यावर लाइट बनते. आन् रातचं पंपानं परत वर चढवतात.’’

तिन्ही हिंजवडीकर जागच्या जागी थांबले. पडलेलं पाणी पुन्हा वर? मग त्याला जेवढी वीज लागते तेवढीच मिळणार ना? कमीच मिळणार, एकानं हिशोब करून सांगितलं. खरं आहे, कमीच मिळते. पण मध्यरात्री वीज उरते आणि संध्याकाळी सात वाजता ती पुरत नाही. म्हणून उरलेल्या वेळी पाणी चढवायचं आणि नडीच्या वेळी सोडायचं. जुनं वीजघर 150 मेगावॉटचं, आणि हे चढ-उताराचं यंत्रही 150 मेगावॉटचं. तलावातल्या पाण्याचाच साठा करून वीज राखून ठेवायची, अशी ही रीत. पोरगा हे सगळं सराईतपणे सांगत होता, मधेच गवतातली वाट पायानं मोकळी करत.

आता थोडं मागचं सांगायला हवं, कारण त्या सपाट वाटेवर माझ्या डोक्यात तेच चालू होतं.

मुंबईच्या कापड गिरण्या पूर्वी कोळशाच्या वाफेवर चालायच्या. सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसावर वीज करावी हे जमशेटजी टाटांच्या मनात होतं. ते 1904 मध्ये गेले, काम पुढच्यांनी नेटानं केलं. 1915 मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, 1922 मध्ये भिवपुरीचं, 1927 मध्ये भिऱ्याचं. तिन्हीकडे युक्ती एकच. घाटमाथ्यावरून पूर्वेला वाहणारं पाणी धरण बांधून अडवायचं, बोगदा किंवा कालवा काढून कड्याच्या पश्चिम टोकाशी आणायचं आणि पाइपांतून कोकणात सोडायचं. भिऱ्याला हे पाणी सुमारे 500 मीटर खाली पडतं. आम्ही अडीच तास चालून जो धबधबा बघायला चाललो होतो त्याच्या कितीतरी पट उंचीचा धबधबा गाडी लावली तिथेच होता, लोखंडाच्या आत. त्याला ना तुषार ना इंद्रधनुष्य, आणि त्याच्यासमोर कुणी सेल्फीही काढत नाही.

मुळशीचं धरण ज्या मुळेवर आहे, ती खरं तर पूर्वेची नदी. ताम्हिणीच्या मागच्या डोंगरांतून निघते, पुण्यात मुठेला भेटते, पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाते. भिऱ्याला उतरलेलं तिचं पाणी मात्र कुंडलिकेतून कोलाड, रोहा करत रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं.

हे होताना वरची गावं पाण्याखाली गेली, पन्नासाच्या आसपास. भातशेतीची, आंबेमोहराची गावं, ज्यांच्या पूर्वजांनी शिवाजी महाराजांच्या फौजेत पायदळ केलं ते मावळे. जमीन घेतली जाणार हे त्यांना धडपणे कुणी सांगितलंही नव्हतं. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. बायका-पोरांसह माणसं धरणाच्या पायावर जाऊन बसायची. कामावरच्या लोकांनी गरम पाणी ओतलं, लाठ्या चालल्या, तुरुंग भरले. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते इथे. आपण शाळेत ते नाव पाठ केलं, एका रस्त्याला दिलं, आणि ही सेना कुठली, लढाई कसली हे पुस्तकाच्या एका ओळीत संपवलं. लढाई 1924 पर्यंत रेटली आणि हरली. धरणाविरुद्धच्या लढ्यांचा जगाचा इतिहास लिहिताना अगदी पहिल्या पानांवर मुळशी येते. नर्मदेच्या आधी साठ-पासष्ट वर्षं.

यात मी कुठे? माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आमच्या चाळीच्या जिन्यात चाळीस वॅटचा एकच दिवा असायचा आणि त्याच्याखाली आम्ही पोरं परीक्षेचा अभ्यास करायचो. बिल बेस्टचं यायचं, पण बेस्ट वीज घ्यायची टाटांकडून. म्हणजे वडिलांचा पगार काय आणि माझी दहावी काय, मुळशीच्या पाण्याचा त्यात हात होता. आणि आता मी राहते सांगवीला, मुळेच्या काठावर. धरणानंतर तिच्यात जे उरतं, त्यात वाटेत शहराचं सांडपाणी मिसळतं आणि उन्हाळ्यात तिच्यावर जलपर्णीची सतरंजी पसरते. सोसायटीच्या ग्रुपवर डासांचा विषय निघतो. नदीचा निघत नाही.

याचं मनावर फार ओझं होतं असं काही नाही. ऊन चढत होतं, टोपी गाडीत राहिली होती, आणि झाडी अजून दूर होती. भाच्याला मात्र मी हे सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, ‘‘आजोबांनी कधी सांगितलं नाही?’’ आजोबांना तरी कुठे माहीत होतं! कापसाच्या तंतूंनी घसा धरलेल्या माणसाला साचा कशावर फिरतो हे विचारायला फुरसत नव्हती.

पाणी संपलं आणि पहिला ओढा आला. त्याच्यावर गावकऱ्यांनी लाकडांचा साकव टाकला आहे. आम्ही पार झालो तरी पोरगा मागे राहिला. बघते तर काठाशी वाकून दोन दगडांच्या बेचक्यात एक काडी उभी खोचत होता, बरोब्बर पाण्याच्या रेषेला. हे काय म्हटल्यावर हसला. ‘‘येताना बघू.’’

ओढ्यापलीकडे जंगल सुरू होतं, आणि ते सुरू होतं म्हणजे एकदम होतं. डोळ्यांना दोन मिनिटं काही दिसत नाही. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, बेहडा. मधूनच कुंभ्याची जाडसर पानं. ओढ्याच्या अंगाला उंबर. ऐनाची साल खवल्याखवल्यांची असते आणि खोडात तो पाणी साठवतो. कोरड्या दिवसांत रानातली माणसं त्याला घाव घालून ते पितात. खाली दिंडा माजलेला, आणि चढावर कारवीची दाटी. ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. आमच्या नशिबात ते साल नव्हतं, नुसतीच खरबरीत पानं आणि काठ्या. पोरानं एक वाळकी काठी मोडून मला टेकायला दिली. ‘‘आज्याच्या घराच्या भिती हिच्याच होत्या,’’ म्हणाला. कारवीचा कूड, वरून शेणमातीचा लेप. आता त्याचं घर चिऱ्याचं आहे आणि मार्चमध्ये आत बसवत नाही.

वाटेवर आडवं एक जाळं लागलं. पुढच्या मुलाचं तोंड त्यात जाता जाता राहिलं. दोन झाडांच्या मधे, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, दोन हात रुंद. मधोमध तळहाताएवढी कोळीण, काळी, पाठीवर पिवळ्या रेघा, पाय लांबच लांब. कवडसा पडला की जाळ्याचे धागे सोनेरी दिसायचे. हे धागे खरंच पिवळे असतात. पोरानं बोट दाखवून तिच्या वरच्या अंगाला नीट बघायला लावलं. तिथे भाताच्या दाण्याएवढा तांबूस किडा बसला होता. तो तिचा नर. ती बेसावध असताना जवळ जायचं, आणि आपलं काम आटोपून जमलं तर जिवंत परत यायचं, एवढंच त्याचं आयुष्य. पोरांमध्ये यावर बरेच विनोद झाले. ते इथे लिहीत नाही. आम्ही जाळ्याखालून वाकून गेलो. मागून येणाऱ्या मोठ्या घोळक्यासाठी पोरानं फांदीला लाल चिंधी बांधली, तर त्यांच्यातल्या पहिल्यानंच काठीनं जाळं उडवलं. फाटण्याचा आवाज आला मला, खरंच आला. त्या धाग्यांना तेवढा चिवटपणा असतो.

शेकरू दिसलं नाही, त्याची घरटी मात्र उंच दुबेळक्यांत तीन-चार होती. पालापाचोळ्याचे गोळे. शीळकस्तूर ऐकू आला. पावसाळ्यात हा पक्षी पहाटेपासून सुटलेल्या शाळकरी पोरासारखा दिशाहीन शीळ घालत असतो. ऑक्टोबरात त्याचा उत्साह ओसरतो, एखादी लकेर घेतो आणि अर्ध्यात सोडून देतो. मला तर ती अर्धवटच जास्त आवडते.

जंगलातली चाल वेगळी असते. सपाटीवर आम्ही बोलत होतो, इथे आपोआप गप्प झालो. मुळांवर पाऊल टाकायचं की मुळांच्या मधे, ओला दगड कुठला, हलणारा कुठला, एवढाच विषय. ‘‘मावशी, पाय आडवा टाका. उभा टाकला का सरकतो,’’ हे पोरानं एकदा सांगितलं आणि पुढचा सगळा रस्ता मी ते पाळलं. पुण्यातल्या फिजिओथेरपिस्टनं मोजून पैसे घेऊन इतकं कामाचं काही सांगितलं नव्हतं. शेवटच्या टप्प्यात धोंडे लागतात, काही घराएवढे. पावसाळ्यात वरून लोटत आलेले. त्यांच्यामधून हात टेकत, बसून, घसरत चढायचं. इथे मी कारवीची काठी सोडून दिली.

आणि मग धबधबा. वळण संपलं की समोरच येतो. तिन्ही बाजूंनी काळा कातळ उभा, मधल्या खाचेतून पाणी सुटतं आणि थेट खालच्या कुंडात. बाजूनं आणखी बारीक धारा. त्या डिसेंबरात आटतात, मधली टिकते. तुषार इतके की चष्मा पुसण्यात अर्थ नाही. कुंडाचं पाणी काठाशी काचेसारखं नितळ, दोन पावलांवर हिरवं, आणि धारेखाली काळं. तो काळा भाग खोल आहे. सह्याद्रीचा हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, एकावर एक थर साचलेला. थर काही सगळे सारखे नाहीत. कुठे घट्ट, कुठे बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी ठिसूळ. वरचा घट्ट थर टिकतो, खालचा ठिसूळ थर पाणी आणि त्यातले गोटे खणून काढतात, कुंड खोल होत जातं आणि वरची कपार पुढे लोंबकळत राहते. कधीतरी तीही कोसळते. वाटेतले घराएवढे धोंडे अशाच कपारींचे आहेत हे लक्षात आल्यावर मी बसायची जागा बदलली.

पाय पाण्यात सोडले. गारठा हाडात चढतो म्हणतात तसा चढला. मिनिटभरात बोटभर लांबीचे मासे आले आणि टाचांना लुचायला लागले. मॉलमध्ये याचे पैसे घेतात.

आमच्या आधी तीस-चाळीस माणसं तिथे होती. पाण्यात कुठवर जायचं त्याचा दोर लावलेला होता, आणि त्याच्या पलीकडे जाण्याची खुमखुमी असलेलेही चार-पाच जण होतेच. शिवाय एक स्पीकर. इतक्या प्रचंड आवाजाच्या शेजारी बसून माणसाला डब्यातलं गाणं का ऐकावंसं वाटतं हे मला कधीच कळलेलं नाही. मी काही बोलणार होते, तेवढ्यात आमचा वाटाड्याच उठला. त्याच्यापेक्षा दुप्पट देहाच्या त्या तरुणापुढे जाऊन उभा राहिला. ‘‘दादा, बंद करा ते.’’ का, तुला काय त्रास, वगैरे झालं. पोरगा चिडला नाही. ‘‘मला पानी ऐकायचंय,’’ म्हणाला. ते लोक हसले. त्यानं समजावलं. वर पाऊस झाला की पाणी दिसायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, जड होतो. मग पाला-काटक्या यायला लागतात, मग रंग गढूळ होतो, आणि रंग दिसेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो. इथे सगळे वाटाडे गप्पा मारत बसलेले दिसतात, पण एक कान वर असतो. स्पीकर बंद झाला. मघाशी वहीत नाव लिहून वाटाड्याचे पैसे देताना ‘वाट तर सरळ आहे, कशाला हवा’ असं म्हणणारा आमच्यातला एक जण पाण्याकडे बघत बसला.

एकच्या सुमारास घाटाच्या बाजूला ढग काळे झाले. ऑक्टोबरातला नेहमीचा दुपारचा खेळ. दूर गडगडलं. लगेच सगळ्या वाटाड्यांनी शिट्ट्या मारल्या. दहा मिनिटांत कुंड रिकामं करायचं. कुणी अजून एक फोटो म्हणालं, कुणी कपडे बदलायचे म्हणालं, कुणी ‘इथे तर ऊन आहे’ म्हणून वाद घातला. तो दोरापलीकडचा गट सगळ्यात शेवटी निघाला, तोही एका वाटाड्यानं त्यांच्या चपला उचलून वाटेवर नेऊन ठेवल्या तेव्हा. ही युक्ती मला फार आवडली.

उतरताना गुडघ्यांनी आपली हजेरी लावली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. साकवाशी आलो. पोरगा खाली उतरला आणि मला हाक मारली. सकाळी पाण्याच्या रेषेला खोचलेली काडी चांगली चार बोटं पाण्यात होती. आमच्या अंगावर एक थेंब पडला नव्हता.

अंगणात जेवायला बसेपर्यंत तीन वाजले. तांदळाची भाकरी, पिठलं, पोरांना चिकन, ठेचा, आणि डाळभात. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता आणि भूक अशी की कुणी बाजूला सरकायला तयार नव्हतं. आमचा वाटाड्या घरच्या माणसांपैकीच निघाला. वाढणारी बाई त्याची काकी. तोही ताट घेऊन बसला. भाच्यानं फोनवर कोलाडच्या राफ्टिंगची चौकशी सुरू केली होती. पोरगा म्हणाला, सकाळचं जा. इथून पाणी सुटलं की तिथे नदी उठते, मग बोटी सोडतात. आणि कधीही जा, मेमध्येसुद्धा, कारण वीजघर चालू म्हणजे कुंडलिका चालू. कोकणातल्या बाकीच्या बहुतेक नद्या मेमध्ये दगडाला लागलेल्या असतात.

माझ्या सकाळच्या व्याख्यानाचा भाच्यावर परिणाम झालेला असावा. तो म्हणाला, ‘‘पण हे पाणी खरं आमच्याकडचं आहे. पूर्वेलाच जायला पाहिजे ते.’’ ही मागणी काही त्याची एकट्याची नाही. टाटांच्या धरणांचं पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यात सोडा, असं पुणे-सोलापूरकडून अधूनमधून जोरात निघतं. विजेला आता दुसरे पुष्कळ मार्ग आहेत, पाण्याला नाहीत, हा त्यामागचा मुद्दा बिनतोडच आहे.

पोरानं भाकरीचा तुकडा पिठल्यात तसाच धरून ठेवला. ‘‘आन् मग आम्ही?’’ कोलाडच्या बोटी, रोह्याजवळची धाटावची एमआयडीसी, काठावरच्या गावांच्या नळयोजना, उन्हाळी भात, सगळं या पाण्यावर शंभर वर्षांत उभं राहिलं. ‘‘तुमचं होतं, मान्य. पन आमच्या आज्याच्या जन्मापासनं हितंच येतंय. आता नदी बंद करनार का?’’

भाचा म्हणाला, बंद नाही, थोडं कमी. किती कमी, पोरानं विचारलं. सोलापूरला पिण्याला पाणी मिळत नाही, दुसऱ्यानं टाकलं. इथेही मार्चनंतर वरच्या वाड्यांवर टँकर येतो, पोरगा म्हणाला, धरणाच्या शेजारी. मग तिघांनी मिळून टीएमसीचे आकडे शोधायला फोन काढले आणि रेंज नव्हती. मी गप्प होते. मावळ्यांच्या बाजूनं बोलावं तर ते या अंगणात नव्हतेच, आणि जे होते त्यांनी त्यांचं काही घेतलं नव्हतं. मुळेच्या काठावर फ्लॅट असलेली आणि भिऱ्याच्या विजेवर वाढलेली बाई नेमकी कुणाच्या बाजूची? आवाज चढायला लागले होते. काकी पातेलं घेऊन बाहेर आली, माझ्या ताटात न विचारता भात वाढला आणि त्या चौघांकडे वळली.

‘‘पानी काय तुम्ही ठरवनार हाय का? भात घ्या, निवतोय.’’